दोनदा दुमडलेला खडक

म्कुशी गावाच्या पुढे बस पंक्चर झाली नसती, तर कासुबा आजही कासामाच्या शाळेत फळ्यावर नद्या आणि डोंगर काढत असती. भूगोलाच्या बाई म्हणून तिचं नाव चांगलं होतं. वली पर्वताची आकृती ती डोळे मिटून काढायची. खडूच्या चार रेघा लाटेसारख्या वाकवल्या की झाली वली. मुलं वहीत उतरवून घ्यायची, पुढचा धडा सुरू व्हायचा.

त्या दिवशी बाकीचे उतारू झाडाखाली भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले आणि कासुबा पाय मोकळे करायला रस्त्याच्या कडेने चालत गेली. रस्त्यासाठी टेकडी कापलेली होती. त्या कापलेल्या भिंतीत खडकाचे थर वर चढून, वळून, पुन्हा खाली उतरलेले तिला दिसले, कुणी जाड चादर दोन्ही हातांनी मध्ये सरकवावी तसे. ती जवळ गेली. एक धोंडा उचलून तिने वळणावर हाणला. हाताला झिणझिण्या आल्या, खडकाचा कपचाही उडाला नाही. इतका कठीण दगड वाकला कसा? आणि वाकताना तुटला का नाही? ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी शिवी हासडली, तेव्हा ती बसमध्ये चढली.

घरी येऊन तिने नवऱ्याला हे सांगितलं. कांग्वा पोस्टात कारकून. मक्याच्या न्शिमाचा गोळा भाजीत बुडवत तो म्हणाला, "दगड वाकला तर वाकला. त्यापायी तू कशाला वाकडी होतेस?"

पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. शिकायची रजा मिळवायला वेळ लागला, ती मिळवली, आणि चाळिशी उलटल्यावर किट्वेच्या विद्यापीठात भूशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली. राहायला धाकटी बहीण म्वेवा हिचं चिम्वेम्वे वस्तीतलं घर होतंच.

वर्गातली पोरं तिच्या निम्म्या वयाची. ती तिला पहिल्याच दिवसापासून "बा मायो" म्हणू लागली, म्हणजे आईसाहेब. त्यात मान होता आणि थट्टाही. प्रयोगशाळेत तिच्या जोडीला आला तो चोम्बा नावाचा मुलगा. तोंडाने फटकळ, हाताने चपळ, आणि प्रत्येक गोष्ट पटकन उरकायची घाई.

"बा मायो, हा खडक आणि तुम्ही शाळेत एकाच वर्गात होता का हो?" त्याने पहिल्याच तासाला विचारलं.

"होतो ना," कासुबा म्हणाली. "तो तुझ्यापेक्षा बरा होता. गप्प बसायचा."

सगळं बाक हसलं. चोम्बाही हसला. तिथून दोघांचं जमलं.

पण अभ्यास काही जमेना. संरचना भूशास्त्राच्या त्या प्रयोगशाळेत पहिले काही तास तिरप्या फळ्यांवर होकायंत्र टेकवून मोजण्यात गेले: थर कोणत्या दिशेला झुकलाय आणि किती झुकलाय. तेवढं तिला आलं. पुढे आली जाळी. कागदावर छापलेलं एक वर्तुळ, त्यात उभ्याआडव्या कमानींचं जाळं. त्यावर टाचणीने पारदर्शक कागद खिळवायचा, तो फिरवायचा आणि खडकाचा तिरपा थर त्या सपाट वर्तुळात एक कमान म्हणून काढायचा. चोम्बाचा कागद गरगर फिरायचा, कमान तयार. कासुबाचा कागद कधी उलटा फिरायचा, कधी उत्तरेला झुकलेला थर दक्षिणेला जाऊन बसायचा. थर तिच्या डोळ्यांपुढे उभाच राहायचा नाही. पहिल्या चाचणीत ती नापास झाली.

शिकवायला होते डॉक्टर सिमुचिम्बा. उंच, किरकोळ अंगाचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी तिचा कागद उजेडाकडे धरून पाहिला. "तुम्ही नियम पाठ केलेत," ते म्हणाले. "हे पाठ करायचं काम नाही. हे बघायचं काम आहे."

"सर, मला दिसतच नाही."

"मग दिसेपर्यंत काहीतरी हातात घ्या."

हातात काय घ्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी ती म्वेवाच्या स्वयंपाकघरात जाळीचा कागद पुढ्यात घेऊन बसली होती. म्वेवा मुन्कोयो, म्हणजे मुळं घालून आंबवलेलं मक्याचं पेय, भोपळ्याच्या अर्ध्या कटोऱ्यात ओतत होती. कासुबाची नजर त्या कटोऱ्यावर खिळली. तिने तो बहिणीच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला, पेय एका घोटात संपवलं आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापायला बसली.

"याया, अगं काय चाललंय? पाहुण्यांचा कटोरा आहे तो!" म्वेवा म्हणाली. थोरल्या बहिणीला ती याया म्हणायची.

"थांब गं. बघ इकडे."

पुठ्ठ्याचा अर्धगोल तिने कटोऱ्यात तिरपा बसवला, सरळ कडेचा मध्य बरोबर कटोऱ्याच्या तोंडाच्या मध्यावर ठेवून. मग एक डोळा मिटून वरून पाहिलं. पुठ्ठा जिथे कटोऱ्याला टेकत होता तिथे एक कमान दिसत होती. पुठ्ठा उभा केला, कमान सरळ होत मध्यावर आली. निजवला, कमान काठाकडे सरकली. ती पुन्हा पुन्हा उभा करून, निजवून बघत राहिली. जाळी म्हणजे हा कटोरा, वरून पाहिलेला! पुठ्ठा म्हणजे थर. एवढंच होतं तर!

"म्वेवा, दिसलं गं मला!"

"मला नाही दिसलं," म्वेवा म्हणाली, "पण कटोरा धुऊन ठेव."

त्यानंतर कासुबाचा कागद उलटा फिरला नाही.

जॅकरंडाला बहर आला तेव्हा सगळा वर्ग शहराबाहेरच्या खडीच्या खाणीत मापं घ्यायला गेला. प्रत्येक जोडीने भिंतीभिंतीने फिरून थरांची मापं घ्यायची आणि प्रयोगशाळेत येऊन जाळीवर उतरवायची. या वेळी थराची कमान न काढता, थराला काटकोनात जाणाऱ्या रेघेचा एकच ठिपका मांडायचा, म्हणजे प्रत्येक थराचा एक ठिपका. खडक एकदाच दुमडलेला असेल तर सगळे ठिपके एका कमानीवर ओळीने बसतात, आणि त्या कमानीवरून दुमड कोणत्या दिशेने गेलीय ते कळतं.

बाकीच्या जोड्यांनी पश्चिमेची, सावलीतली भिंत धरली. कासुबाने मात्र ऊन न बघता दोन्ही भिंती धरल्या. पश्चिमेची मापं चोम्बाने घेतली, पूर्वेची तिने. बाकीच्यांचे ठिपके कमानीवर शिस्तीत बसले. या दोघांचे ठिपके पाहिले तर कुणी मुठीने डाळ भिरकावलेली.

चोम्बाने खोडरबर काढला. "द्या इकडे. दहा मिनिटांत ओळीत आणतो."

"हात लावू नकोस."

"अहो बा मायो, सगळ्यांची कमान एकच येतेय. आपलीच वेगळी कशी येईल?"

"तेच तर विचारतेय मी. कशी येईल?"

डॉक्टर सिमुचिम्बांनी कागद पाहिला. "मापताना होकायंत्राजवळ लोखंड होतं का? हातोडा?"

"हातोडा मीच सांभाळत होते सर, लांब ठेवला होता."

"मग परत जाऊन बघा," ते म्हणाले. "चूक सापडली तर चूक का झाली ते लिहा. नाही सापडली तर तेही लिहा."

त्या रात्री कासुबा आकड्यांकडे टक लावून बसली. चोम्बाने पश्चिमेला मोजलेल्या भिंती इतर जोड्यांनीही मोजल्या होत्या. तिने दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले. झुकाव तंतोतंत जुळत होता. दिशा तेवढी चुकत होती, आणि दर वेळी चुकत होती. झुकाव मोजताना लंबकासारखी लोंबती सुई लागते, दिशेला मात्र चुंबकाची. म्हणजे चोम्बाच्या अंगावरच काहीतरी होतं.

शनिवारी दोघं मिनीबसने खाणीवर गेली. रखवालदाराने ओळखून आत सोडलं. कासुबाने चोम्बाला भिंतीपाशी उभं केलं, होकायंत्र हातात दिलं, आणि म्हणाली, "खिसे रिकामे कर."

किल्ल्या निघाल्या, नाणी निघाली. सुई ढिम्म. मग त्याने छातीच्या खिशातून फोन काढला आणि सुई गर्रकन वळली. फोनच्या नव्या कव्हरच्या झाकणात चुंबक होतं.

चोम्बाचं तोंड एवढंसं झालं. "वाढदिवसाला बहिणीने दिलं हो ते."

"सुंदर आहे. त्या झाडापाशी ठेवून ये."

पश्चिमेची मापं पुन्हा घेऊन तिथेच जाळीवर मांडली तशी ती मुकाट्याने ओळीत आली. चोम्बाला हायसं वाटलं. "सुटलो! चला, वस्तीत जाऊन गरम, तळलेले वितुम्बुवा खाऊ."

"पूर्वेची राहिलीत."

"ती तुम्ही घेतलीत. तुमच्या खिशात चुंबक नाही."

"म्हणूनच तर बघायचंय."

पूर्वेला महिन्यापूर्वीच सुरुंग लावून नवी भिंत उघडी पाडली होती. तिथे उन्हाचा तडाखा होता, दगडाची धूळ नाकात जात होती. दोघांनी आळीपाळीने मापलं, एकमेकांचे आकडे न बघता. तेच आले. होकायंत्र खरं, हात खरे, आणि तरीही ठिपके कमानीबाहेर.

मग चोम्बा पहिल्यांदाच घाई सोडून खाली बसला आणि बोटाने एक थर चाचपत गेला. "बा मायो, ही दुमड बघा. ही सरळ जात नाहीये. हीच पुढे जाऊन वळलीय."

कासुबा त्याच्याशेजारी बसली. दुमडीचा कणा, जो काठीसारखा सरळ जायला हवा, तो खाली बुडत होता, पुन्हा वर येत होता. दुमडलेला खडक नंतर आडव्या बाजूने पुन्हा दुमडला असेल का? तिने तो कणा वहीत काढायला घेतला. वितुम्बुवा राहूनच गेले.

सोमवारी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच दोघं दारात हजर होती. लाल, पांढरी, निळी मॉडेलिंगची माती घेऊन त्यांनी पोळ्यांसारखे थर एकावर एक रचले. दोन्ही बाजूंनी दाबून एक दुमड पाडली. मग तो गोळा काटकोनात फिरवून पुन्हा दाबला. बाहेरून नुसता ओबडधोबड लोळागोळा दिसत होता. कासुबाने बारीक तार घेतली आणि तो आडवा कापला.

आत कड्याच्या आत कडी होती. लाल, पांढरी, निळी, लांबट, जसा उघडा डोळा.

"हे आपण पाहिलंय," चोम्बा हळूच म्हणाला. "खाणीच्या तळाला, पाण्याच्या डबक्यातून याची कड डोकावत होती. त्यावरूनच चालत गेलो आपण!"

डॉक्टर सिमुचिम्बा कधी मागे येऊन उभे राहिले ते दोघांना कळलं नाही. त्यांनी मातीचा तो अर्धा भाग हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला. "या मुलखातला खडक दोनदा दुमडलाय हे माहीत आहे," ते म्हणाले. "पण या खाणीत ते कधी दिसलं नव्हतं. ती भिंत नवी आहे ना." मग त्यांनी हातातले कागद बाकावर टाकले. "आज इथला तास नाही. गाडी काढायला सांगा."

सगळा वर्ग खाणीच्या तळाशी गेला. पोरांनी बादल्यांनी डबकं उपसलं, झाडूने गाळ सारला. खाली खडकात डोळा होता. बैलगाडीच्या चाकाएवढा, करड्या-पांढऱ्या कड्यांचा. पोरं वाकून वाकून बघू लागली. मग सगळे एकदम बोलू लागले.

"बा मायो," सिमुचिम्बा म्हणाले. त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. "दोन दुमडींपैकी आधीची कोणती?"

कासुबा वाकून त्या कड्यांभोवती फिरली. तिने एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. उत्तर ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

"सर, नुसत्या या डोळ्यावरून सांगता येणार नाही."

"का?"

"आधी उभी मग आडवी, किंवा आधी आडवी मग उभी. डोळा असाच येईल."

सिमुचिम्बांनी मान हलवली. त्यांचा चेहरा खुलला होता. "मग कशावरून सांगता येईल?"

ते तिला माहीत नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं. चोम्बाचं मत वेगळं होतं, मागच्या मुलींचं तिसरंच. गाडीत बसेपर्यंत वाद चालला, गाडीतही चालला.

त्या वर्षी कासुबा पास झाली, बेताच्याच गुणांनी. दगड वाकतो तो खोल, उष्ण जागी, आणि माणसाच्या कल्पनेला न झेपणाऱ्या सावकाशीने, हे ती शिकली. पण ते वाक्य लिहिता आलं तरी ती सावकाशी मनात काही मावत नाही, असं ती अजून म्हणते. पुढे ती त्याच प्रयोगशाळेत सहायक म्हणून राहिली. कांग्वाने किट्वेच्या पोस्टात बदली करून घेतली. चोम्बा सोलवेझीकडच्या एका खाणीवर लागला. फोन तो पँटच्या मागच्या खिशातही ठेवत नाही म्हणे.

खडकातला डोळा राहिला नाही. खाणीने पुढच्याच हंगामात तो फोडून रस्त्याची खडी केली. बातमी कळताच कासुबा गेली आणि कड्यांचा एक तुकडा मिनीबसमध्ये मांडीवर घेऊन आली. कंडक्टरने त्याच्यासाठी वेगळं तिकीट मागितलं, म्हणून त्याच्याशी भांडलीसुद्धा. हल्ली नव्या मुलांना ती त्याच खडकाचे कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लावून देते. "अभ्रकाच्या रेघा बघा," ती म्हणते. "वाकलेल्या त्या आधीच्या. कुणी कुणाला वाकवलंय?" मुलं उत्तर विचारतात. ती स्टूल ओढून घेते, शेजाऱ्यासाठी असलेल्या दुसऱ्या नळीला डोळा लावते, आणि म्हणते, "सरक जरा. मलाही बघू दे."