कुठला पिवळा?

मागच्या वर्षीची चौदा मे. सकाळी झारीने मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. दारात मास्तर उभे राहिले. "पानं पिवळी पडलीत हो," मी म्हटलं. त्यांनी नेहमीसारखी मान तिरकी केली आणि विचारलं, "कुठला पिवळा?"

हा त्यांचा जुनाच प्रश्न. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला ढोबळ बोललेलं चालतच नाही. भाजीवाल्याने लिंबं चांगली पिवळी आहेत म्हटलं तरी मास्तर विचारायचे, "कुठला पिवळा?" भाजीवाला म्हणायचा, "घ्यायची तर घ्या की."

चाळीस वर्षं त्यांनी सूत रंगवलं, चादरींचं आणि टॉवेलचं. गल्लीत सगळे रंगमास्तर म्हणायचे. नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. नखांच्या कडा कायमच्या निळ्या. घरी तेलुगू. मराठी भराभर बोलायचे, फक्त त्यात पान, पाणी आणि बायको, सगळं पुल्लिंगी.

रोपं ही माझी हौस नव्हती. आमच्या कारखान्यातले माग विकून झाले होते. रिकाम्या जागेत रॅक लावून, ट्यूबलाइटखाली मी रोपं करायला घेतली होती, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात बाहेर कोवळा कोंब टिकत नाही. पहिलीच मोठी खेप, बार्शीकडच्या बायकांच्या गटाने सांगितलेली. दिरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वहिनी, ही खेप वाया गेली तर जागा गोदामाला देऊ." त्यांचंही काही चूक नव्हतं.

मी काय करून बसले होते तेही सांगते. पिवळं म्हणजे भूक, असं धरून पातळ युरिया दिला. मग पाणी वाढवलं. पिवळेपणाही वाढला.

मास्तरांना मात्र मदतीला बोलावणं अवघडच होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. वीस तारखेला ते भिवंडीला मुलाकडे कायमचे जाणार होते, ऑपरेशनही तिथंच.

"मला आता सगळाच पिवळा दिसतो, अम्मा," ते म्हणाले. "तुम्ही बघा. मी विचारतो."

आधी त्यांनी ट्यूब बंद करायला लावली. "ट्यूबखाली मी एकपण शेड पास केला नाही. बाहेर घ्या." मी एक ट्रे ओट्यावर सावलीत आणून ठेवला.

"खालचा पान?"

"हिरवं."

"वरचा, नवीन?"

"पिवळं."

"शिरा?"

शिरा मी तोवर पाहिल्याच नव्हत्या. वाकून पाहिलं. "शिरा हिरव्या. मधलं सगळं पिवळं."

"मग भूक नाही. भूक असला तर खालचा जुना पान आधी जातो. पोरांना घालून म्हातारे उपाशी राहतात, तसा. हा तर वरनं सुरू झालाय. पाणी कुठला?"

पाणी बोअरचं. नळाला चार दिवसांआड येणारं प्यायलाच पुरत नव्हतं, म्हणून एप्रिलपासून रोपांना बोअर लावला होता. मास्तरांनी बादलीत ते पाणी घेतलं, कपड्याचा साबण मागितला आणि बराच वेळ चोळला. फेस नाही, नुसता पांढरट साका.

"या पाण्यात मी सूत टाकला असता तर मालकानं मला टाकला असता."

रंगखात्याच्या दारात त्यांनी मोगरा लावला होता. त्यालाही असल्याच पाण्याने असंच झालेलं. काळ्या रंगासाठी ठेवलेला हिराकस त्यांनी थोडा विरघळवून फवारला आणि मोगरा सुधारला. हिराकसात लोखंड असतं. जड पाण्यात पानाला तेच मिळत नाही. मी लगेच पिशवी घेऊन हिराकस आणायला निघाले. सगळ्या रॅकवर एकदमच फवारणार होते.

"आधी सॅम्पल, मग लॉट," मास्तर म्हणाले. एक ट्रे बोअरवर, एक नळाच्या पाण्यावर, एक नळाचं पाणी आणि वर हिराकस, लिटरला जेमतेम दोन ग्रॅम.

"मास्तर, तुम्ही सहा दिवसांत चाललात."

"म्हणून तर. लॉट जळला तर नवीन कुठनं आणणार?"

तिसऱ्या दिवशी ते सायकल हातात धरून आले. कॅरिअरला दोन कॅन, घरच्या नळाचं पाणी.

"घरी काय म्हणाल्या?"

"बायको सकाळपासून बोलत नाही माझ्याशी. शांत वाटतो."

कॅन परत न्या, असं मी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला पाणी हवं होतं.

एकोणीस तारखेला तिन्ही ट्रे ओट्यावर मांडले. मास्तर पायरीवर बसले. "सांगा."

"पहिला होता तसाच. दुसऱ्यात नवं पान जरा बरं आहे. तिसरा हिरवा."

त्यांनी मान तिरकी केली. प्रश्न यायच्या आत मीच म्हटलं, "पोपटी नाही. मेंदीच्या पानाचा. शिरा आता वेगळ्या दिसत नाहीत."

 "पास," मास्तर म्हणाले.

वीस तारखेला ते गेले. मी स्टेशनवर गेले नाही. त्या दिवशी सगळ्या लॉटवर फवारणी होती. पानं हिरवी निघायला आठवडा लागला. जुनी पिवळी होती ती थोडी तशीच राहिली, वरची सगळी चांगली आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो भरून बार्शीला गेला. दीर शेवटचा ट्रे चढवायला आले आणि "पुढचं बघू" एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"अम्मा, सगळा निळा दिसतो. मुलाचा भिंत पांढरा आहे. मी पहिल्या दिवशी त्याला म्हटलो होतो, पिवळा कशाला लावला."

"रोपं गेली, मास्तर."

"किती परत आले?"

"एकही नाही."

"मग नवीन बी टाकला का?"

टाकलं नव्हतं. जागा राहते की जाते, ते दीर सांगतील म्हणून थांबले होते. तसं मी त्यांना सांगितलंही. "आणि पाणी कुठला?" त्यांनी एवढंच विचारलं. मागून त्यांच्या बायकोचा आवाज येत होता. म्हणजे अबोला मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावलं, कारखान्याच्या छपराला पन्हळ लावून घेतली आणि पावसाचं पाणी टाकीत पडेल अशी सोय केली. मग आत जाऊन चार ट्रे भरले आणि बी टाकलं. दिरांना दुपारी सांगितलं.