खोकण्याची जागा

माझे थोरले मामा वाचनालयात शिपाई होते. हे काम पुस्तकं लावण्याचं, असं लोकांना वाटतं. मामांचं खरं काम शांतता सांभाळण्याचं. काठोकाठ भरलेल्या घागरीसारखी ती शांतता ते या दालनातून त्या दालनात नेत, हिंदकळू न देता. कुणी खाकरलं की मामा त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहत. बोलत काहीच नसत. माणूस आपोआप उठून बाहेर जाई. मामांना स्वतःला खोकला आला, तर तेही दार हलकेच ओढून घेत, जिना उतरत आणि अंगणातल्या पाण्याच्या टाकीआड जाऊन खोकत. घरीही हाच नेम, निवृत्तीनंतरसुद्धा.

अशा माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. छाती उघडली, तारांनी पुन्हा बांधली, आणि श्वासाचे व्यायाम शिकवणारी बाई खाटेपाशी येऊन म्हणाली, काका, आता जोरात खोका.

तिने वाचनालयात ढोल बडवायला सांगावं, तसं मामांनी तिच्याकडे पाहिलं.

बाकी सगळं ते मन लावून करत. नळीतून श्वास ओढून डबीतले तिन्ही चेंडू वर उचलत आणि तिथेच तरंगत ठेवत. त्या व्यायामाला आवाज नव्हता. खोकायची वेळ आली, की मात्र शिकवल्याप्रमाणे उशी छातीशी कवटाळत आणि हातरुमालात मांजराच्या शिंकेएवढं काहीतरी करत. शेजारचा झोपलाय, म्हणत. शेजारचा टक्क जागा होता आणि त्याने तसं सांगितलंही. मामांनी ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं.

कफ साठत गेला. ताप चढला, दोन शब्दांत धाप लागू लागली. बाईने मामींना बाजूला घेऊन सांगितलं, की संध्याकाळपर्यंत कफ सुटला नाही तर घशात नळी घालून ओढावा लागेल, आणि तेवढ्यानेही नाही भागलं तर पुन्हा मशीनवर ठेवावं लागेल. मामी तडक खाटेपाशी गेल्या.

"अहो, खोका की. जिवावर बेतलंय तुमच्या."

"इथं?" मामा म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या संसारात मामींनी नवऱ्याला छपराखाली खोकताना कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईकडे वळल्या. "यांना बाहेर न्या. दार लावता येईल असं काहीतरी बघा. टाकी असली तर फारच बरं."

टाकी नव्हती, जिना होता. वरात निघाली. पुढे उशी कवटाळलेले मामा, बगलेला धरून बाई, मागे ऑक्सिजनचं नळकांडं ओढणाऱ्या मामी. जिन्यावर पोचल्यावर मामांनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. पायऱ्यांवर कुणी वाचत तर बसलं नाही ना, हे वर-खाली निरखून पाहिलं. मग खोकले. बाई शपथेवर सांगते, खालच्या मजल्यावर बशीतले कप वाजले. कफ सुटला. त्या रात्री ताप उतरला.

घरी सोडायच्या दिवशी मोठे डॉक्टर तपासणीला आले, तर वॉर्डातल्या खाटा रिकाम्या. सगळे रुग्ण उशा छातीशी धरून जिन्याच्या दाराशी रांगेत उभे होते. मामा एकेकाला पलीकडे सोडत आणि दार हलकेच ओढून घेत.

हा काय प्रकार आहे, हे विचारण्यासाठी डॉक्टरांनी घसा खाकरला.

मामा सावकाश चालत गेले आणि त्यांच्या मागे उभे राहिले.

डॉक्टर रांगेत शेवटी जाऊन थांबले.