दोन खण, दोन नारळ

गुरुवारी वसईच्या कोर्टात आमचा घटस्फोट झाला आणि रविवारी आम्ही दोघं सासूबाईंना घेऊन अर्नाळ्याला होडीत बसलो. हसू नका. सासूबाईंची पंचाहत्तरी होती, होडी दिवसभरासाठी दोन महिने आधीच ठरवलेली, आणि त्यांना यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. पंचाहत्तरी सुखात होऊ दे, मग सांगू, असं आमचं ठरलं होतं. लग्नाच्या अठरा वर्षांत आमचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. पहिली कोर्टात झाली.

मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. दात काढून आल्यावर गालाला हात लावला की गाल दुसऱ्याच कुणाचा तरी लागतो ना, तसं. नवरा सुटला याचं दुःख करायची ताकद कधीच संपली होती. पण सासूबाईंना कळेल तेव्हा त्या माझ्याकडे कशा बघतील, हे मनात आलं की मी उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घ्यायचे. अठरा वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले. मला लहानपणापासून आई नाही.

सासूबाई मालवणकडच्या, वडिलांच्या शिडाच्या होडीतून हिंडलेल्या. विरारच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांचा समुद्र म्हणजे बाजारातलं पापलेट. हॉल नको, साडी नको, मरायच्या आधी एकदा शिडाच्या होडीत बसवा, एवढाच त्यांचा हट्ट. सकाळी त्यांची पिशवी नीट लावायला घेतली, तर आत दोन खण, दोन नारळ आणि तांदळाचा डबा. बेटावरच्या देवीची ओटी भरायची, हे कळलं. दुसरा खण-नारळ कशाला, विचारलं तर म्हणाल्या, असू दे. समुद्राला वाहणार असतील, म्हणून मी सोडून दिलं.

गुडघाभर पाण्यातून आम्ही त्यांना धरून होडीत चढवलं. एका बाजूने मी, एका बाजूने तो. इंजिनाचा आवाज एवढा की बोलायची सोयच नव्हती. माझं बरंच झालं. नाखवा मात्र हौशी. "जोडीनं बसा, फोटू काढतो," म्हणाला. नवऱ्याने (सवय जात नाही, नवराच म्हणते) माझ्यामागे हात धरला, खांद्याला न टेकवता. फोटोत तो खांद्यावरच दिसतो.

देवळात सासूबाई बाजूला उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, तू भर. सासरे गेल्यापासून त्या कुणाची ओटी भरत नाहीत. विधवेने भरायची नाही हे चारचौघींनी ठरवून टाकलेलं, आणि त्यांनीही कधी वाद घातला नाही. माझा हात थबकला. आता मी तरी कुठली सवाष्ण? पण ते सांगणार कोणाला! खण ठेवला, नारळ ठेवला, कुंकू लावलं. हात आपापलं काम करत राहिले. देवीने काय समजायचं ते समजावं.

झाडाखाली बसून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. सासूबाईंनी आम्हा दोघांना आग्रह करकरून वाढलं. आम्हीही गुणी मुलांसारखं खाल्लं.

मग नाखव्याने बेटाला वळसा घातला, वैतरणेच्या मुखाकडे होडी नेली, इंजिन बंद केलं आणि शीड चढवलं. एकदम सगळं शांत. फळ्यांवर पाणी आपटत होतं तेवढंच. मला वाटलं, आता सासूबाई हरखतील. त्यांनी शिडाकडे एकदा वर पाहिलं आणि पिशवी मांडीवर ओढली.

"ओढणी पुढे कर गो."

मला वाटलं प्रसाद असेल. त्यांनी माझ्या ओढणीत खण घातला, त्यावर नारळ, आणि मग दोन्ही हातांनी तांदूळ.

"आई, हे काय?"

"गुरुवारी एका रिक्षेतून गेलात आणि दोन रिक्षांनी आलात. मी गॅलरीतच होते." त्या माझ्याकडे न बघता तांदूळ घालत राहिल्या. "लेकीला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत गो."

नवरा पाण्याकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. आणि मला रडू आलं, कोर्टात आलं नव्हतं ते, त्याआधीचंही सगळं. नाखव्याच्या देखत मी भोकाड पसरलं. सासूबाईंनी गप्प हो म्हटलं नाही. माझं होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग तांदळाचा डबा उघडून माझ्यापुढे धरला.

ओटीतले चार दाणे परत घालायचे असतात, निघालो त्या घरी पुन्हा येणं व्हावं म्हणून. चारच घालतात. मी मूठ भरून घातले, आणि दुसरी मूठ भरायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.