नितीनचा मिररलेस आणि माझी पोटदुखी

मंडळी, आज जामनेरच्या शेतात आमची भरीत पार्टी होती. चुलत भाऊ नितीन नवा मिररलेस कॅमेरा गळ्यात मिरवत आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खिशातला माझा जुना छोटा कॅमेरा बाहेर काढायचीही लाज वाटली.

धुळ्याची आत्या, आमची अक्का, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. नितीनने तिचा फोटो काढला. मग मीही हळूच एक काढला.

त्याच्या फोटोत सुरकुती न् सुरकुती मोजून घ्या. माझ्या फोटोत नुसता धूर आणि पुसट चेहरा.

अक्काने दोन्ही पाहिले आणि माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "हाऊच ठेव भाऊ, यामा मी तरणी दिसस!"

सगळे हसले. मी जिंकलो म्हणायचं.

पण नितीनने बघायला दिलेला तो कॅमेरा परत करताना माझा हात काही सुटेना. खरं सांगा, तुमचा सुटला असता?