भावजींचं प्लॅस्टिकचं गाव

आमचे भावजी घर बांधून झालं की त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. घर वीतभर उंचीचं, खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांचं, आणि उभं तळेगावातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत. छपरावरून उतरताना पाणी भिंतीला लागलं की घर नापास. मग छप्पर काढायचं, वळचण आणखी पुढे घ्यायची आणि पुन्हा तांब्या. खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची, "आबा, माझे पापड वाळत घातलेत!" भावजी कठड्यावरून वाकून म्हणायचे, "मावळात राहून पापड उघड्यावर घालतीस? चूक कुणाची?" बाई गप्प बसायची नाही, आणि बरोबरच करायची. भर उन्हाळ्यात पाऊस पाडणारा माणूस आमच्याच घरात होता.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्म कंपनीत मशिनवर काढला. बायको गेली, मुलगा परदेशी गेला, तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले. माझा मुलगा आणि सून सकाळी कामाला गेले की घरात आम्ही दोनच म्हातारी माणसं. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात आहे, बोटं चालती ठेवा. मी म्हटलं, लसूण सोला. भावजींनी एक दिवस लसूण सोलला आणि दुसऱ्या दिवशी हॉस्टेलला गेलेल्या नातीनं मागं टाकलेलं विटांचं खोकं उघडलं.

दिवाळीला आमच्या सोसायटीतली पोरं खाली मातीचा किल्ला करतात. त्या किल्ल्याच्या पायथ्याला तीन-चारशे वर्षांपूर्वीचं गाव मांडायचं, असं भावजींनी मनात घेतलं. सगळं स्वतःच्या हातानं. "पुढल्या दिवाळीला हे हात माझं ऐकतील असं वाटत न्हाई, वहिनी," एवढंच ते म्हणाले आणि कामाला लागले.

किल्ल्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "किल्ला समदेच करत्यात. पर वरच्या गड्याच्या तलवारीला धार कोन लावतं? त्याचं तेल कोन गाळतं? ती मानसं कुनाला दिसतच न्हाईत." म्हणून त्यांनी लोहारशाळा, कुंभाराची भट्टी, तेलघाणा आणि विणकराचा माग अशी यादी केली. मी विचारलं, "आणि देऊळ?"

"मागनं बांधू. देवाला घाई न्हाई. लोहाराला हाय."

पहिलं घर मात्र त्यांनी खोक्यावरचं चित्र बघून बांधलं. चित्रात परदेशातलं जुनं गाव होतं. टोकदार छपरं, धुरांडी, खिडकीत फुलं. भावजी दोन दिवस त्यात गुंग होते. झाल्यावर मला बोलावलं, "बगा, कसं झालंय."

"गोठा कुठाय?" मी विचारलं.

भावजींनी घराला फेरी मारली. "वरच्या माळ्यावर."

"म्हणजे म्हैस जिना चढणार?"

त्यांनी तिथल्या तिथे छप्पर उपटलं. दुसऱ्या दिवशी घर पाडलं आणि दारातून आत गेल्या गेल्या उजव्या हाताला गोठा घेतला. पुढच्या प्रत्येक घराला, अगदी कुंभारालासुद्धा, गोठा. मी म्हटलं, कुंभाराकडे गाढव असतं. तर म्हणाले, "मग गाढवानं काय पावसात भिजायचं?"

पावसाळा संपता संपता त्यांचा स्वभाव बिघडला. कुणाला गावाजवळ फिरकू देईनात. सून झाडायला गेली तरी अंगावर यायचे. मला वाटलं, म्हातारपण. मग एका सकाळी ते अंघोळीला गेले असताना मी धूळ पुसायला फडकं मारलं आणि लोहारशाळेची अख्खी भिंत घसरून माझ्या पायावर आली.

भावजी ओल्या अंगानं धावत आले. "हात लावू नका म्हनलं होतं ना!"

"भावजी, ह्या विटा बसलेल्याच नाहीत."

"बसल्यात की."

"बसल्या असत्या तर फडक्यानं पडल्या असत्या?"

ते स्टुलावर बसले. हात मांडीखाली दाबून धरले. "ठेवायला जमतंय. दाबायला जोर पुरत न्हाई. नुसत्या ठेवत आलोय."

तेव्हा कळलं, पाण्याचा तांब्या इतक्यात गॅलरीत का दिसला नव्हता.

कुणाची समजूत घालणं मला येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही ठेवा, मी दाबते."

"मग ते माज्या हातचं कसं व्हईल?"

"मिस्त्री कधी घमेलं उचलतो का? तरी बंगला त्याचाच म्हणतात ना?"

भावजींनी मांडीखालचे हात बाहेर काढले. "बरं. पर बिगाऱ्यानं मधे बोलायचं न्हाई."

तेव्हापासून मी बिगारी. रोज दुपारी भांडी झाली की गॅलरीत हजर. ते थरथरत वीट आणायचे, जागा चुकायची, पुन्हा उचलायचे. मी मदतीला बोट पुढे केलं की माझ्या बोटावर टिचकी. वीट जागेवर आली की म्हणायचे, "हं, दाबा." इतकंच माझं काम. तरी मी बोलायची ती बोलायचीच, आणि त्यांनी मला निदान चार वेळा कामावरून काढलं.

गाव दिवाळीला किल्ल्याखाली लागलं. देऊळ राहिलंच. बघायला आलेल्या प्रत्येकाला भावजी सांगत होते, "हितली एकेक वीट मी ठेवलीया. आन् ह्या आमच्या बिगारी." मी म्हटलं, "बिगारी नसती तर गाव फडक्यानं वाहून गेलं असतं." लोक हसले. भावजींनी सगळ्यांसमोर लोहारशाळेवर तांब्या रिकामा केला. पणत्या विझल्या, पोरं ओरडली, भिंत कोरडी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात घाससुद्धा राहीना. मी भरवायची. माझा हात मोठा, घास मोठा. तोंड भरलेलं असतानाच म्हणायचे, "बिगारी, घमेलं जरा हळू." श्रावणात गेले. त्यांचा मुलगा आला, दिवस करून परत गेला. जाताना, गाव मोडून भरलेलं विटांचं खोकं बालवाडीला द्या म्हणाला. मी हो म्हटलं.

द्यायच्या आदल्या दुपारी भांडी आवरल्यावर मी ते उघडलं. म्हटलं, बघू तरी. विटा ठेवल्या, दाबल्या. माझ्या बोटांत अजून जोर आहे, भिंती घट्ट झाल्या. वर छप्परही चढवलं. मग बघते तर दार सोडायचं राहिलं होतं. कुठे सोडायचं, ते मला कधी बघावंच लागलं नव्हतं.