हात कसा होता?

सन २०१३. माझं वय त्रेसष्ट. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, पण अर्धापूरच्या आसपास केळीच्या बागांत कुणाला विंचू चावला की आधी माझ्या ओट्यावर आणत. त्याच साली आमच्या गावच्या दवाखान्यात देवणीकडची शकुंतला सिस्टर आली. तिची एक खोड होती. दुखणेकरी समोर आला की नाव-गाव विचारायच्या आधी ती त्याचा हात हातात घ्यायची, सोयरा भेटल्यासारखा, आणि धरूनच ठेवायची.

माझ्या ओट्यावर ती पहिल्यांदा आली ती गावातल्या नागोरावची आई वारल्यावर. म्हातारीच्या पायाला विंचू चावला होता. मी मंत्र म्हणत लिंबाच्या डहाळीनं झाडलं, कळ मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घोट्यावर आणली. म्हातारी शांत झाली. विंचू उतरला म्हणून मी सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. वय झालं होतं, असं मी नागोरावला सांगितलं. सिस्टरनं भांडण काढलं नाही. एवढंच विचारलं, "मामा, म्हातारीचा हात कसा होता?"

मी म्हणालो, चावला पायाला, हात कशाला बघू.

विंचू किती जहरी, हे आम्ही त्याच्या आकारावरून ठरवायचो, आणि कळ कुठवर चढली त्यावरून. काळी जाड इंगळी म्हणजे भारी, तांबडा बारका विंचू म्हणजे पोरखेळ. सिस्टरचं उलटं. "काळा बोंबलायला लावतो, तांबडा गप करतो," म्हणायची. तिच्याकडं तीनच पायऱ्या. हात ऊन असला तर 'बसा'. घामेजला तर 'हलू नका'. ओला आणि गार, तर 'गाडी काढा'. रडणाऱ्याला म्हणायची, "दुखायलंय ना? मग भ्यायचं न्हाई." लोक हसत. मीही हसायचो.

वैशाखातल्या एका दुपारी केळीची वाळली पानं गोळा करताना माझ्या बायकोच्या, रुक्मिणच्या बोटाला तांबडा चावला. बागेपासून ओट्यापर्यंत ती ओरडत आली. मी डहाळी घेतली. खांदा, कोपर, मनगट. कळ उतरत गेली. गर्दी माना डोलवत होती. रुक्मिण गप झाली. मी डहाळी खाली ठेवली आणि म्हणालो, उतरला.

सिस्टर लसीचा डबा खांद्याला अडकवून तिकडूनच चालली होती. थांबली. रुक्मिणचा न चावलेला हात तिनं धरला.

"गाडी काढा."

मी आडवा आलो. तीस वर्षं उतरवून राहिलो, आता घरच्या माणसाला बाहेरच्यानं हात लावायचा का, म्हणालो. गर्दीतला जीपवाला माझ्याकडं बघत तसाच उभा. मी नाही म्हटल्यावर हलतो कोण.

सिस्टरनं आवाज चढवला नाही. "मंत्र तुमचा, मामा. बायको बी तुमचीच. एकडाव हात तर धरा."

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, चारचौघांत तिचा हात कधी धरला नव्हता. धरला. भर वैशाखात रांजणाच्या पोटासारखा लागला, ओला आणि गार. आणि असा हात मी आधी धरला होता. ओट्यावरून उठताना नागोरावच्या आईनं आधाराला माझाच हात घेतला होता.

"काढ रे गाडी," मी म्हणालो.

सिस्टरनं विंचवाच्या विषावरची गोळी दिली, जीपमध्ये रुक्मिणला टेकवून बसतं ठेवलं. नांदेडपर्यंत रुक्मिणच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. मंत्र माझ्या ओठावर यायचा, मी गिळायचो. सिस्टरनं हात सोडला नाही. मोठ्या दवाखान्याच्या दारात म्हणाली, अजून गारच हाय. दिवेलागणीला सिस्टर बाहेर आली.

"कोमट झाला, मामा."

तेव्हा मी तिला म्हणालो, म्हातारीचा गार होता. ती म्हणाली, "मला सांगून काय? नागोराव गावातच हाय की."

सिस्टर पुढं बदलून लातूरकडं गेली, तिकडंच वारली. तिच्या मातीला मी पोचलो नाही. पण तिचं तेवढं ऐकलं होतं. नांदेडच्या त्या रात्रीनंतर सकाळी पहिल्या एसटीनं गावात उतरलो आणि घरी न जाता नागोरावच्या दारात उभा राहिलो. तो म्हणाला, काकू कशा हायत, बसा, चहा घ्या. मी चपला काढल्या नाहीत.

"तुझ्या आईचा हात गार होता," मी म्हणालो. "मला लागला होता."