ब्रेकवाल्या काकू

मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम निघेना, म्हणून मी त्याला हातोडीनं बडवत होतो. बोट चेचलं, चष्मा घामानं घसरला. जयपूरच्या जवाहर नगरातल्या आमच्या गल्लीत गाडा थांबवून भाजीवाल्यानं विचारलं, "भैया, गाड़ी ने कुछ कहा क्या आपको?" तेवढ्यात समोरच्या काकू आल्या, गाडीत वाकल्या आणि हँडब्रेक खाली केला. मग ड्रमवर दोन हलके ठोके दिले. ड्रम मुकाट्यानं त्यांच्या हातात आला.

गाडी घरंगळू नये म्हणून मीच हँडब्रेक ओढून ठेवला होता. त्यामुळे आतल्या ब्रेक-शूजनी ड्रमला घट्ट धरलेलं, आणि बाहेरून मी हातोडी चालवतोय!

"आतनं धरून ठेवायचं आणि बाहेरनं चल म्हणायचं," काकू म्हणाल्या, "अशानं माहेरवाशीण तरी निघंल होय रे, लेका?"

काकू कोल्हापूरच्या, गॅरेजवाल्याची लेक. काकांच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आल्या आणि काका गेल्यावरही इथेच राहिल्या. गल्लीतली पोरं त्यांना 'ब्रेकवाली आंटी' म्हणत. कुणाची गाडी थांबताना किंचाळली, की काकू हातातलं लाटणं घेऊन फाटकात येत. "पळणाऱ्या गाडीचं कौतुक सगळेच करतात. मी थांबणारीचं करते," असं त्यांचं म्हणणं.

तर, काकू आता पुण्याला मुलाकडे निघाल्या होत्या. काकांची जुनी छोटी गाडी मुलानं भंगारात काढायचं ठरवलं होतं. माझ्या बायकोला सीतापुऱ्याच्या कॉलेजात शिकवायला जायला गाडी हवीच होती. पण काकूंची अट होती: जो मागचे ब्रेक स्वतः खोलून, साफ करून परत बसवील, त्यालाच गाडी. नाहीतर भंगार. हातोडीचा प्रयोग हा त्या परीक्षेचा पहिला दिवस. काकूंनी उदार मनानं तो सराव धरला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बसलो. पुढच्या चाकांना विटा, जॅकच्या जोडीला स्टँड, हँडब्रेक खाली. काकू खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. ड्रममधली धूळ फुंकायला मी गाल फुगवले, तर एक शेंग कानावर आली. "फुंकू नकोस! छातीत जाईल. ओल्या फडक्यानं पूस." शूजवर ग्रीसचं बोट लागणार, तोच दुसरी शेंग.

काकूंचा मोठा नियम असा, की एका वेळी एकच बाजू खोलायची. "विसरलास तर दुसरीला विचारता येतं." कोणता भाग कुठे बसतो ते मी अर्थातच विसरलो. त्यातून एक स्प्रिंग उडाली ती थेट शेजारच्या भाभीजींनी वाळत घातलेल्या मंगोड्यांत, म्हणजे मूगडाळीच्या सांडग्यांत. "भाईसाब, ये लोहे की मंगोड़ी आपकी है?" भाभीजींनी ती चिमटीत धरून आणून दिली. मग मी पलीकडच्या चाकाचा फक्त ड्रम काढला, आतली मांडणी बघितली आणि तशीच अलीकडे बसवली. काकूंनी मान वर केली नाही, पण शेंगाही येईनात.

दोन्ही बाजू झाल्या. आधी गल्लीत हळू चालवून पाहिली, मग नाहरगडाच्या उतारावर नेली. गाडी बायको चालवत होती, शेजारी काकू, मागे मी देवाचं नाव घेत. "दाब," काकू म्हणाल्या. गाडी सरळ रेषेत, न किंचाळता थांबली. काकूंनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "भंगारात जात नाहीस बरं का," त्या म्हणाल्या. म्हणाल्या गाडीला, पण मला उगीचच मी पास झाल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

त्या पुण्याला गेल्या. फाटकाला कुलूप लागलं. आता गल्लीत गाड्या खुशाल किंचाळतात.

मागच्या महिन्यात मी पुन्हा ब्रेक काढायला बसलो. आता काय, मी जाणता माणूस! विटा, जॅक, स्टँड, चाक बाहेर. ड्रम काही हलेना. मी हातोडी उचलणार, इतक्यात बायको ओल्या हातानं बाहेर आली, गाडीत वाकली आणि खट्‌ आवाज झाला. ड्रम सैल.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "काकूंनी गाडी तुम्हाला दिलीय. हँडब्रेक माझ्याकडे सोपवलाय."